अकरा वर्षांच्या मुलीच्या टाळूत मिनीस्क्रू: हाडाची जाडी मोजतानाचा अनुभव

दात किंवा जबडा सरकवायचा म्हणजे त्याला ओढणारे बल कुठेतरी टेकवावे लागते. आजवर हा टेकू बहुधा तोंडातल्याच इतर दातांचा घेतला जात असे, आणि त्यामुळे ज्यांना हलवायचे नव्हते ते दातही थोडेफार हलत. मिनीस्क्रूने ही अडचण बरीच दूर केली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, १.२ ते २ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण ६ ते १२ मिलिमीटर लांबीचा हा स्क्रू जबड्याच्या हाडात तात्पुरता बसवतात, त्याचा आधार घेऊन काम करून घेतात आणि काम संपल्यावर काढून टाकतात. या कल्पनेचा प्रवास मोठा आहे. १९४५ साली कुत्र्यांच्या जबड्यात बसवलेले स्क्रू साधारण महिनाभरात सैल झाले. १९८३ साली एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात बसवलेल्या स्क्रूच्या आधाराने वरचे पुढचे दात वर उचलता आले, आणि १९९७ साली अवघ्या १.२ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचा वापर प्रसिद्ध झाल्यानंतर हे साधन जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. मात्र हा स्क्रू हाडाशी एकजीव होण्याची वाट न पाहता वापरायचा असतो. पहिल्या दिवसापासून तो टिकतो तो हाडाच्या बाहेरच्या टणक थरात आट्यांनी घेतलेल्या पकडीवर. मोठ्या माणसात हा थर बहुधा पुरेसा असतो. मुलांत तो पातळ असतो, हाड मऊ असते आणि त्याच हाडात अजून न उगवलेले दात वाढत असतात. म्हणून मुलांच्या बाबतीत स्क्रू कसा बसवायचा याआधी हाड किती आणि कुठे आहे, या प्रश्नावर अधिक वेळ द्यावा लागतो.

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात डिचोली तालुक्यातली एक अकरा वर्षांची मुलगी उपचारासाठी आली, तेव्हा हाच प्रश्न माझ्यासमोर होता. तिचा वरचा जबडा मागे राहिलेला होता आणि तोंड मिटल्यावर खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येत होते. चेहऱ्याची ही ठेवण आजोबांकडून आली आहे, असे तिची आई म्हणाली, आणि ते खरे असणे अगदी शक्य होते, कारण अशा ठेवणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. उपचाराची दिशा ठरलेली होती. आधी एक्सपांडर लावून वरचा जबडा रुंद करायचा आणि मग चेहऱ्यावर लावण्याच्या फेसमास्कला रबरबँड अडकवून तो पुढे ओढायचा. हे काम आठ ते दहा वर्षांच्या वयात अधिक सोपे जाते, पण अकराव्या वर्षीही वेळ गेलेली नसते. अडचण टेकूची होती. तिच्या दुधाच्या दाढा हलायला लागल्या होत्या, काही पडल्याही होत्या, आणि उरलेल्या कायमच्या दाढांवरच सगळे बल टाकले असते तर जबड्याऐवजी दाढाच पुढे सरकण्याचा आणि पुढचे दात बाहेर झुकण्याचा धोका होता. म्हणून एक्सपांडरचा मागचा आधार पहिल्या कायमच्या दाढांवर आणि पुढचा आधार टाळूतल्या दोन मिनीस्क्रूंवर घ्यावा, असा विचार मी केला.

टाळूच का, हे पालकांना समजावून सांगावे लागते, कारण टाळूत स्क्रू म्हटले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मोठ्यांमध्ये मिनीस्क्रू बहुतेक वेळा हिरडीच्या बाहेरच्या बाजूने दोन दातांच्या मुळांमध्ये बसवतात. या वयात त्या जागी दुधाच्या दातांची मुळे, त्यांच्याखाली कायमच्या दातांचे अंकुर आणि मध्ये उरलेली हाडाची पातळ भिंत असते. तिथे सुरक्षित जागा मिळणे कठीण, आणि मिळाली तरी पकड भरवशाची नसते. टाळूचा पुढचा भाग, म्हणजे वरच्या पुढच्या दातांच्या मागे जिथे जिभेला आडव्या वळ्या लागतात त्याच्या आसपासचा भाग, तुलनेने जाड हाडाचा असतो आणि तिथले हाडावरचे मांसल आवरणही पातळ असते. मात्र अगदी मधोमध स्क्रू बसवणे मुलांत टाळावे लागते, कारण टाळूचे दोन अर्धे भाग जोडणारी शिवण त्या वयात अजून पक्की झालेली नसते. ती उघडूनच तर जबडा रुंद करायचा असतो. म्हणून शिवणीच्या दोन्ही बाजूंना थोडे अंतर सोडून स्क्रू बसवायचे. अंतर फार ठेवले तर हाड पातळ होत जाते आणि सुळ्याचा अंकुर जवळ येतो. दाढांकडे सरकत गेले की टाळूची मोठी रक्तवाहिनीही वाटेत येते. बसवण्याजोगी जागा या सगळ्यांच्या मध्ये उरते आणि ती प्रत्येक मुलात वेगळी असते.

तिच्या चेहऱ्याचा बाजूने घेतलेला साधा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, आधीच काढलेला होता. त्यावरून टाळूच्या हाडाची उंची ढोबळमानाने कळते, आणि प्रौढ रुग्णांत कित्येकदा मी तेवढ्यावर काम भागवते. पण त्या चित्रात उजवी आणि डावी बाजू एकावर एक पडलेली असतात आणि न उगवलेला सुळा टाळूच्या बाजूला झुकला आहे की ओठाच्या, हे त्यातून खात्रीने सांगता येत नाही. बोटाने चाचपूनही मला वरच्या डाव्या सुळ्याचा फुगवटा बाहेरच्या बाजूला लागला नाही. या वयात तो लागायला हवा. म्हणून कोन बीम सीटी, म्हणजे डोक्याभोवती फिरून त्रिमितीय चित्र देणारी एक्स-रे तपासणी, जिला आम्ही सगळे सीबीसीटीच म्हणतो, ती काढावी असे ठरवले.

आईने विचारलेला पहिला प्रश्न किरणांचा होता आणि तो योग्यच होता. मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते. म्हणून गरज नसताना मुलांची सीबीसीटी काढू नये, या मताची मी आहे, आणि केवळ सोय म्हणून ती सगळ्यांनाच सरसकट सांगण्याची पद्धत मला मान्य नाही. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट) एवढी किरणमात्रा मिळतच असते. दातांच्या सीबीसीटीची मात्रा यंत्र, पाहण्याचे क्षेत्र आणि चित्राची सूक्ष्मता यांवर अवलंबून काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत बदलते. हा फरक मोठा आहे आणि तो बराचसा आपल्या हातात असतो. अख्खे डोके न घेता फक्त वरचा जबडा घ्यायचा, मुलांसाठीची कमी मात्रेची मांडणी निवडायची, आणि एकदाच नीट काढायची. हे सगळे कागदावर आकृती काढून मी आईला समजावले. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असलेल्या केंद्रातच तपासणी होईल, हेही सांगितले. आईने घरी जाऊन आजोबांशी बोलून मग होकार कळवला, आणि तो तसा विचार करून दिलेला असल्यामुळे मला अधिक बरे वाटले.

तपासणीच्या वेळी मी स्वतः केंद्रावर गेले. मुलांच्या बाबतीत शक्य असेल तेव्हा मी जाते, कारण दोन गोष्टी तिथेच साधाव्या लागतात. पहिली म्हणजे स्थिर राहणे. यंत्र डोक्याभोवती फिरते तेवढे दहा-वीस सेकंद मूल हलले किंवा त्याने आवंढा गिळला तरी चित्राच्या कडा दुहेरी होतात, आणि एका मिलिमीटरच्या थराचा हिशोब करायचा असताना तशा चित्राचा काहीही उपयोग नसतो. मग पुन्हा काढण्याचा मोह होतो आणि मात्रा दुप्पट होते. ही मुलगी गाणे शिकणारी होती. किरणे न सोडता यंत्र एकदा नुसते फिरवून दाखवले आणि तेवढ्या वेळात मनात तीनतालाचे एक संथ आवर्तन मोजायला सांगितले. ‘समेवर येईपर्यंत हलायचे नाही ना, डॉक्टर?’ असे तिने विचारले आणि खरोखरच ती दगडासारखी बसली. दुसरी गोष्ट जिभेची. जीभ टाळूला चिकटलेली असेल तर चित्रात टाळूचे आवरण आणि जीभ एकमेकांत मिसळून जातात आणि आवरणाची जाडी मोजता येत नाही. म्हणून जीभ खाली ठेवण्याचा सराव आधीच करून घेतला होता.

चित्र हाती आले म्हणजे लगेच मोजपट्टी लावायची, असे होत नाही. मूल यंत्रात किंचित तिरके बसलेले असते आणि त्या तिरकेपणात घेतलेले माप खोटे असते. आधी संगणकावर तिचे डोके सरळ करून घेतले. बाजूच्या छेदात टाळूची पातळी आडवी आणि समोरच्या छेदात मधली शिवण उभी आणली. मग वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूत उघडणाऱ्या नलिकेचे छिद्र शोधले. तिच्यातून नस आणि रक्तवाहिनी जाते, म्हणून स्क्रूने तिच्या वाटेला जायचे नाही, आणि तिची मागची कड हीच मोजण्याची सुरुवातीची खूण. त्या कडेपासून मागे ३, ६ आणि ९ मिलिमीटरवर, आणि शिवणीपासून प्रत्येक बाजूला ३ आणि ६ मिलिमीटरवर रेषा आखल्या. जिथे या रेषा एकमेकींना छेदतात तिथे टाळूच्या पृष्ठभागापासून नाकाच्या तळापर्यंत हाड किती आहे ते मोजत गेले.

इथे मोजण्याच्या दिशेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यावी लागते. टाळूचा पुढचा भाग सपाट नसतो, तो दातांकडे उतरत येतो. नाकाच्या दिशेने सरळ उभी रेषा काढून मोजले तर एक आकडा येतो आणि पृष्ठभागाला काटकोनात मोजले तर दुसरा. स्क्रू हाताने बसवताना तो बहुधा पृष्ठभागाला काटकोनातच जातो, म्हणजे वर आणि थोडा पुढे, आणि त्या वाटेवर पुढच्या दातांच्या मुळांची टोके असू शकतात. उभ्या रेषेवर भरपूर हाड दिसते म्हणून निर्धास्त राहावे आणि स्क्रू मात्र वेगळ्याच वाटेने जाऊन मुळाजवळ पोहोचावा, असे होऊ शकते. म्हणून प्रत्येक बिंदूवर मी स्क्रूच्या प्रत्यक्ष वाटेनेच मोजले आणि त्या वाटेभोवती दोन्ही बाजूंना मोकळी जागा किती उरते तेही पाहिले.

उजव्या बाजूला चित्र समाधानकारक होते. छिद्रापासून ३ मिलिमीटर मागे आणि शिवणीपासून ३ मिलिमीटर बाजूला साधारण ८ मिलिमीटर हाड होते. मागे जावे तसे ते कमी होत गेले आणि ९ मिलिमीटरच्या रेषेवर ५ मिलिमीटरच्या आतच आले. डाव्या बाजूला मात्र सुळ्याचा अंकुर टाळूकडे कललेला निघाला. शिवणीपासून ६ मिलिमीटरवरचा एकही बिंदू वापरण्याजोगा नव्हता आणि ३ मिलिमीटरच्या रेषेवरही पुढच्या बिंदूत ६.५ मिलिमीटरच्या आसपासच हाड होते. चाचपताना लागलेली शंका खरी ठरली होती, आणि तो सुळा वेळेवर खाली यावा यासाठी नंतर काय करायचे, हेही या चित्रामुळे आधीच कळले.

बाहेरच्या टणक थराची जाडी हा वेगळा आणि अधिक नाजूक विषय आहे. स्क्रूला सुरुवातीची पकड मिळायला हा थर निदान १ मिलिमीटर असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण ज्या चित्राचा प्रत्येक ठोकळा, म्हणजे चित्र ज्यांनी बनते तो सर्वांत लहान घटक, ०.३ मिलिमीटरचा आहे, त्यात १ मिलिमीटरचा थर म्हणजे जेमतेम तीन ठोकळे. कडेच्या ठोकळ्यात अर्धे हाड आणि अर्धे मांस असेल तर संगणक त्याला मधलीच करडी छटा देतो, आणि ती हाडात धरायची की बाहेर, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि पडद्याच्या उजेडावर ठरते. अशा ठिकाणी ०.९४ किंवा १.०७ असे आकडे लिहिणे मला पटत नाही. संगणक ते दाखवतो म्हणून ते खरे होत नाहीत. मी पडद्याची मांडणी एकच ठेवून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजले आणि माझे आकडे न दाखवता एका सहकारी डॉक्टरांनाही मोजायला दिले. पुढच्या बिंदूंवर आम्हा दोघांचाही थर १ मिलिमीटरच्या थोडा वर आला, मागच्या बिंदूंवर तो खाली गेला. एवढा निष्कर्ष काढायला ही मोजणी पुरेशी होती आणि त्याहून अधिक तिच्याकडून मागणे योग्य नव्हते. करड्या छटेवरून हाडाची घनता सांगण्याचेही तसेच आहे. सीबीसीटीतली छटा मोठ्या सीटी यंत्रातल्या घनतेच्या मापाइतकी विश्वासार्ह नसते, म्हणून ती मी एकाच चित्रातल्या दोन जागांची तुलना करण्यापुरतीच पाहते.

मग आवरणाचा हिशोब. दातांचा आणि टाळूचा डिजिटल स्कॅन घेऊन तो सीबीसीटीवर बसवला, तेव्हा निवडलेल्या बिंदूंवर आवरण सुमारे २ मिलिमीटर दिसले. मी वापरते त्या स्क्रूंची मान, म्हणजे आट्यांच्या वरचा गुळगुळीत भाग, आखूड असल्यामुळे आट्यांचा थोडा भाग आवरणातच राहतो आणि तो हाडाच्या पकडीत धरता येत नाही. त्या हिशोबाने उजवीकडे ९ मिलिमीटरचा आणि डावीकडे ७ मिलिमीटरचा स्क्रू ठरला, दोन्ही २ मिलिमीटर व्यासाचे. दोन्ही बाजूंना सारखेच स्क्रू बसवण्याची सवय असलेल्या हाताला हे थोडे खटकते. पण डावीकडे लांब स्क्रू घालून नाकाचा तळ गाठण्यात या मुलीचे काहीच हित नव्हते.

स्क्रू बसवताना थोडे भूल देणारे औषध टोचून, चित्रातले माप पडताळण्यासाठी टोकदार सळईला रबराची चकती लावून आवरणाची जाडी पुन्हा एकदा प्रत्यक्ष मोजली. ती चित्राशी जुळली. मोठ्यांच्या टाळूत आधी बारीक छिद्र पाडून घ्यावे लागते. मुलांचे हाड तेवढे कडक नसल्याने ते लागत नाही, उलट छिद्र पाडल्यास पकड कमी होण्याची भीती असते. स्क्रू हाताने, सावकाश फिरवले. आई शेजारी बसून ‘झाले हं, बाय, थोडेच राहिले’ असे म्हणत होती. फिरवण्याचा जोर मोजणाऱ्या रेंचवर दोन्हीकडे समाधानकारक प्रतिकार आला. डावीकडे तो जरा कमी होता, पण अपेक्षेइतका होता. प्रतिकार फार कमी आला असता तर स्क्रू काढून घेऊन योजना बदलायची, हे आईला आधीच सांगून ठेवले होते, कारण चित्र कितीही चांगले असले तरी शेवटचे माप हाताला लागते.

त्यानंतरचा भाग नेहमीसारखाच पार पडला. एक्सपांडर फिरवायला आईला शिकवले. पुढच्या दोन दातांत फट पडल्यावर ती घाबरून फोनवर आली, पण शिवण उघडल्याची तीच खूण असते आणि फट पुढे आपोआप बरीचशी भरून येते. सुरुवातीचे काही दिवस गाताना तिचे उच्चार अडखळले, मग जीभ सरावली. चवथीत नेवऱ्या आणि लाडू बारीक तुकडे करून खायचे, स्क्रूभोवती मऊ ब्रश फिरवायचा, एवढी पथ्ये तिने पाळली. फेसमास्क रोज बारा ते चौदा तास लावायचा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत हनुवटीखाली घामोळे येते, त्यासाठी पट्टीखाली धुतलेल्या मलमलीचा तुकडा ठेवण्याची युक्ती तिच्या आजीने काढली आणि आता मी ती इतरांनाही सांगते. स्क्रू दोन्ही टिकले. पुढचे दात योग्य जागी आले आणि डाव्या सुळ्यासाठी जागा तयार झाली. मात्र खालच्या जबड्याची वाढ अजून कित्येक वर्षे चालणार आहे. ती कशी होईल याची हमी देता येत नाही, आणि मोठेपणी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो, हे तिच्या घरच्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलेले आहे.

त्याच सुमारास एक नऊ वर्षांचा मुलगा तशाच तक्रारीसाठी आला. त्याच्या दुधाच्या दाढा भक्कम होत्या आणि सेफॅलोग्राममध्ये टाळूचे हाड कमी दिसत होते. त्याच्यासाठी सीबीसीटी काढलीच नाही. दाढांवरच्या साध्या एक्सपांडरने त्याचे काम होणार होते, आणि ज्या मापाने निर्णय बदलणार नाही त्या मापासाठी मुलाला किरणे देणे मला योग्य वाटले नाही. त्याच्या वडिलांनी ‘तिला स्क्रू बसवला, मग याला का नाही?’ असे विचारले, तेव्हा दोघांचे एक्स-रे शेजारी लावून फरक दाखवला आणि त्यांना तो पटला.

तपासणी केंद्राला पाठवायच्या चिठ्ठीत आता मी नुसते ‘वरच्या जबड्याची सीबीसीटी’ असे लिहीत नाही. मुलाचे वय, स्क्रू कुठे बसवण्याचा विचार आहे, पाहण्याचे क्षेत्र किती छोटे चालेल, ठोकळा किती सूक्ष्म हवा, जीभ खाली ठेवायची आहे, आणि कोणत्या सुळ्याबद्दल शंका आहे, हे सगळे त्यात असते. पालकांनीही आपल्या डॉक्टरांकडे अशी चिठ्ठी मागावी आणि ती केंद्रावर वाचली गेली की नाही, हे तिथे विचारून घ्यावे.